काउबॉय शूटिंग: प्लेटला छर्रे लागतात पण प्लेट पडत नाही, नळी बदलू का चोक?

दर सीझनला कुणी ना कुणी हेच विचारतं. नवीन दुनळी घेतली, २० इंची नळ्यांची आखूड कोच गन, दोन्ही रिव्हॉल्व्हर आणि रायफल व्यवस्थित जातात, पण शॉटगनच्या प्लेटवर, म्हणजे मार लागला की पडायला हवं अशा लोखंडी टार्गेटवर, छर्रे वाजल्याचा आवाज येतो, पांढऱ्या रंगावर करडे ठिपके पण दिसतात आणि प्लेट मात्र ढिम्म उभी. मग अजून एक काडतूस, कधी त्याच्यावर अजून एक, आणि तोपर्यंत टाइमरवर चार-पाच सेकंद गेलेले असतात. यावर पहिला सल्ला ठरलेला, २० इंचात दम नाही, २६ किंवा २८ ची घे. मला हा सल्ला ऐकला की खरंच वाईट वाटतं, कारण त्याच्यापायी लोक चांगली बंदूक विकून दुसरी घेतात आणि प्लेट तरी उभीच राहते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काउबॉय ॲक्शन शूटिंग हा अमेरिकेतला खेळ, १९ व्या शतकाच्या शेवटच्या काळातल्या पद्धतीच्या बंदुका, तसेच कपडे, प्रत्येकाचं एक टोपणनाव. कॅलिफोर्नियात १९८२ ला 'एंड ऑफ ट्रेल' ही पहिली मॅच झाली आणि १९८७ ला सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सॅस, सुरू झाली, आजही बहुतेक क्लब तिच्याच नियमांनी चालतात. शॉटगनमध्ये चालतं काय, तर ऑटोमॅटिक इजेक्टर (रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा) नसलेली दुनळी, विंचेस्टर १८८७ पद्धतीची लिव्हरवाली, किंवा १८९७ ची बाहेर घोडा असलेली पंप. एका वेळी दोनच काडतुसं भरायची आणि तीही घड्याळ चालू असताना. उभ्या राहिलेल्या टार्गेटला ५ सेकंद दंड. नॉकडाऊन प्लेट असेल तर पडेपर्यंत परत मारता येतं, पण तो सगळा वेळ तुमच्याच खात्यावर.

आधी नळीचं बघू. शॉटगनच्या काडतुसातली पावडर फार झटपट जळते, सुरुवातीच्या इंचांतच तिचं बरंचसं काम उरकलेलं असतं, त्यामुळे नळी कमी केली की वेग घटतो पण किती, तर इंचामागे साधारण ५ ते १० फूट प्रति सेकंद. २८ च्या जागी २० इंच धरली तर ४० ते ८० फुटांचा फरक. काडतूस ११४५ फुटाचं असेल तर हे साडेतीन ते सात टक्के झाले. एवढ्याने पडणारी प्लेट उभी राहत नाही. आणि छर्रे किती पसरणार हे तर नळीच्या लांबीवर ठरतच नाही. १८ इंची आणि ३० इंची दोन्ही नळ्या सिलिंडर बोअर असतील, म्हणजे तोंडाशी जराही आवळलेल्या नसतील, आणि काडतूस तेच असेल, तर १० यार्डांवरच्या कागदावरून कुठला पॅटर्न कुठल्या नळीचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग लोकांना लांब नळीने प्लेट पडते असा अनुभव का येतो? कारण जुन्या लांब नळ्या बहुतेक वेळा फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी चांगल्याच आवळलेल्या असायच्या. १८९७ ची ३० इंची फील्ड गन घ्या, तोंडाशी फुल. त्याच मॉडेलची २० इंची रायट गन घ्या, सिलिंडर. माणूस दोन्ही चालवून बघतो आणि म्हणतो लांबीचा फरक पडला, प्रत्यक्षात फरक पडलेला असतो चोकचा. हा घोळ इतका जुना आहे की क्लबमधले चांगले अनुभवी लोक पण छातीठोकपणे हेच सांगतात.

चोक म्हणजे नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत आतलं माप थोडं कमी केलेलं असतं, आपल्या फवारणी पंपाच्या नोझलसारखं काम. बारा बोरचं आतलं माप ०.७२९ इंच धरतात. त्यात स्कीट चोक म्हणजे ०.००५ इंच आवळलेली, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे ०.०१०, मॉडिफाइड ०.०२०, आणि फुल म्हणजे ०.०३५ ते ०.०४०. डोळ्याला दिसणार पण नाही एवढा फरक, पण कागदावर तो कसा उतरतो बघा. १० यार्डांवर सिलिंडरचा पॅटर्न साधारण १९-२० इंच रुंद, इम्प्रूव्ह्ड १५, मॉडिफाइड १२, फुल ९. तेच १५ यार्डांवर गेलात की सिलिंडर २६ इंच, इम्प्रूव्ह्ड २० च्या वर, मॉडिफाइड १६, फुल १२. बंदुकीगणिक आणि काडतुसागणिक थोडं इकडे-तिकडे होणार, पण अंदाज हाच.

आता हे प्लेटच्या भाषेत मांडू. समजा १० इंची गोल प्लेट आहे, १५ यार्डांवर, आणि काडतुसात सव्वा औंसाला जरा कमी, म्हणजे १⅛ औंस, ८ नंबरचे छर्रे, ते होतात साधारण ४६०. छर्रे सगळीकडे सारखे पसरले असं धरलं तर सिलिंडरमधून प्लेटवर पोचणार जेमतेम सत्तर. इम्प्रूव्ह्डमधून शंभराच्या वर, मॉडिफाइडमधून एकशे ऐंशीच्या आसपास, फुलमधून तीनशेच्या पुढे. प्रत्यक्षात मधे दाटी जास्त असते म्हणून सगळेच आकडे थोडे वर जातात, पण एकमेकांशी प्रमाण असंच राहतं. प्लेट पाडायला लागतो धक्का, आणि धक्का देतात ते लागलेले छर्रे, बाजूने गेलेले नाहीत. म्हणजे सिलिंडर आणि मॉडिफाइडमध्ये अडीचपटीचा फरक, आणि आपण भांडतोय नळीच्या ५ टक्क्यांवरून.

पण थांबा, लगेच फुल चोक लावायला पळू नका. आधी प्लेटकडे बघा, खरंच जाऊन बघा, स्टेज (मॅचमधली एक फेरी) संपल्यावर रंग मारायच्या आधी. कुठे करडं झालंय त्यावरून अर्धं निदान होतं आणि ही सवय फार कमी लोकांना आहे.

खालच्या भागात, बिजागरीच्या आणि पायाच्या जवळ दाट करडं दिसत असेल तर तुमचा चोकशी काही संबंध नाही, बंदूक खाली मारतेय किंवा तुम्ही खाली धरताय. प्लेट खालून जोडलेली असते, तिला वरच्या अर्ध्या भागात धक्का बसला तर ती पटकन उलटते, खाली कितीही छर्रे आपटले तरी नुसता खणखणाट होतो आणि प्लेट उभी. 'लागते पण पडत नाही' ही तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच निघतं. करडं फक्त एका कडेला असेल तर आडवा घोळ आहे, त्याच्याकडे खाली येतो. सगळीकडे विरळ, सुटे सुटे ठिपके असतील तर मात्र चोक फार मोकळा आहे किंवा अंतर जास्त आहे. आणि बरोबर मधे, वरच्या अर्ध्यात दाट गोळा बसलाय आणि तरी पडत नाही, तर काडतूस हलकं आहे नाहीतर प्लेटच अडकतेय.

यानंतरचं काम कागदावरचं, आणि हे केल्याशिवाय एक डॉलरसुद्धा खर्च करू नका असं माझं अगदी मनापासून सांगणं आहे. मोठा कागद घ्या, खाटकाकडे मिळतो तो रुंद रोल किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, निदान तीन फूट बाय तीन फूट पाहिजे. मधे काळा ठिपका. ८, १२ आणि १६ यार्डांवर लावून बघा, बहुतेक क्लबमध्ये शॉटगनच्या प्लेटा याच टप्प्यात असतात. मॅचला जे काडतूस वापरता तेच घ्या, घरात पडलेलं बदकाच्या शिकारीचं नको. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासायच्या, प्रत्येक वेळी नवा कागद, आणि कागदावर लगेच पेनाने लिहायचं, उजवी का डावी, किती यार्ड, कुठलं काडतूस, नाहीतर घरी आल्यावर सगळे कागद सारखेच दिसतात. ठिपक्यावर शांतपणे नेम धरून मारा, छर्ऱ्यांच्या गोळ्याचा मध्य डोळ्याने शोधा आणि ठिपक्यापासून तो किती सरकलाय ते मोजा.

मग तेच परत एकदा, पण मॅचच्या वेगाने. बंदूक कमरेशी धरून उभे राहा, वर घ्या, मारा. इथे बऱ्याच लोकांना धक्का बसतो, कारण शांतपणे मारलेला पॅटर्न ठिपक्यावर आणि घाईत मारलेला पॅटर्न सहा-सात इंच वर गेलेला असतो. घाईत गाल दस्त्यावर टेकत नाही, डोकं वर राहतं, आणि शॉटगनला मागची साइट नसल्यामुळे तुमचा डोळा हीच मागची साइट, डोळा वर गेला की मार वर गेला. हे नळीने पण सुटणार नाही आणि चोकने पण नाही, हे घरी रिकाम्या बंदुकीने, आरशासमोर, रोज थोडा वेळ खांद्याला लावायचा सराव करूनच सुटतं. रिकामी म्हणजे उघडून, बोट घालून, दोनदा बघितलेली रिकामी, आणि त्या खोलीत एकही काडतूस नको.

शांतपणे मारूनही खाली जात असेल तर बंदुकीचाच दोष, आणि उपाय स्वस्त आहे. पुढची माशी, म्हणजे बीड, उंच केली की मार खाली येतो, बुटकी केली की मार वर जातो, हे उलट वाटतं म्हणून लिहून ठेवा. दस्त्याचा गालाखालचा भाग लेदर लावून थोडा उंच केला की मार वर जातो. काय काय लावायला परवानगी आहे ते मात्र सॅसच्या सध्याच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या, मॅचच्या सकाळी टाइमर ऑपरेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आडवा घोळ दुनळीलाच जास्त. दोन नळ्या शेजारी शेजारी असतात पण त्या अगदी समांतर नसतात, पुढे थोड्या एकमेकींकडे वळवून जोडलेल्या असतात म्हणजे ठराविक अंतरावर दोन्हीचा मार एकत्र येतो. स्वस्तातल्या दुनळीत हे कधी कधी नीट जुळलेलं नसतं. एक नळी बरोबर मारतेय आणि दुसरी १२ यार्डांवरच पाच-सहा इंच बाजूला, तर बंदूक नवीन असताना कंपनीकडे परत पाठवा, हे गनस्मिथने घासूनपुसून नीट होत नाही. फरक दोन-तीन इंचांचाच असेल तर त्या नळीला जरा मोकळा चोक ठेवायचा, रुंद पॅटर्न तेवढं सांभाळून घेतो.

चोक ओळखताना एक फसगत हमखास होते. युरोपियन पद्धतीत नळीवर किंवा चोक ट्यूबवर (तोंडाशी आट्यांनी बसवायचा सुटा चोक) चांदण्या किंवा खाचा असतात, आणि जास्त चांदण्या म्हणजे जास्त घट्ट असं वाटतं, आहे बरोबर उलटं. एक चांदणी म्हणजे फुल, तीन म्हणजे मॉडिफाइड, चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. जुन्या बंदुकीवर खूण नसेल किंवा कुणी नळी कापलेली असेल तर अमेरिकेतले जुने लोक डाइमचं नाणं वापरतात. डाइम ०.७०५ इंचाचं. बंदूक रिकामी आणि उघडी ठेवून ते बारा बोरच्या तोंडाशी धरायचं, आत जात नसेल तर फुलच्या जवळपासचा चोक, सहज आत जात असेल तर मॉडिफाइड किंवा त्याहून मोकळा. हा नुसता अंदाज, कारण नळीचं आतलं माप कंपनीगणिक ०.७२५ ते ०.७४० असं काहीही असतं आणि चोक म्हणजे त्या मापातली घट. पक्कं हवं असेल तर गनस्मिथकडे बोअर गेज असतो, दोन मिनिटांचं काम आहे.

मग निवडायचा कुठला? माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या क्लबमध्ये प्लेटा ८ ते १२ यार्डांत असतील तर दोन्ही नळ्यांना इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, अजून काही विचार करायची गरज नाही. १५ च्या पुढे असतील किंवा प्लेटा जड असतील तर मॉडिफाइड. बऱ्याच कोच गन, स्टोगरची साधी कोच गन धरून, एक नळी इम्प्रूव्ह्ड आणि एक मॉडिफाइड अशाच येतात, आणि या खेळासाठी ती जोडी उत्तम आहे, त्याला हात लावू नका. फक्त कुठला चाप कुठल्या नळीचा ते पाठ असू द्या, आणि प्लेटा वेगवेगळ्या अंतरावर असतील आणि क्रम तुमच्या हातात असेल तर लांबच्या प्लेटला मॉडिफाइड. फुल चोक ८ यार्डांवर म्हणजे तळहाताएवढा गोळा, लागला तर प्लेट आडवी होते पण वेगात चुकायला जागाच उरत नाही, आणि काही स्टेजला प्लेट पडली की क्ले (मातीची तबकडी) किंवा कॅन हवेत उडतो, तो फुलने मारायचा म्हणजे फार अवघड. सिलिंडर त्या उडत्या क्लेला मस्त, पण लांबच्या जड प्लेटला दुबळा.

स्क्रू चोकवाली बंदूक असेल तर ट्यूब प्रत्येक स्टेजआधी हाताने चाचपा, बंदूक रिकामी असतानाच. ट्यूब सैल होऊन अर्धी बाहेर आली असताना मारलं तर ट्यूब आणि नळीचं तोंड दोन्ही जातं. आणि ब्लॅक पावडर मारणाऱ्यांनी आटे रोज साफ करून ग्रीस लावावं, ती काजळी आट्यात बसली की ट्यूब निघता निघत नाही. त्यांना अजून एक, प्लॅस्टिक वॅड (पावडर आणि छर्ऱ्यांच्या मधला बोळा) छर्ऱ्यांना नळीतून बाहेर पडेपर्यंत पेल्यात धरून ठेवतो म्हणून पॅटर्न घट्ट राहतो, कार्ड आणि फायबर वॅड वापरलं की तोच चोक एक पायरी मोकळा वागतो, त्या हिशेबाने चोक एक पायरी घट्ट घ्या.

काडतूस. खांदा दुखतो म्हणून लोक कमी आवाजाची, कमी धक्क्याची काडतुसं घेतात, १ औंस छर्रे आणि वेग ९८० फूट. १⅛ औंस आणि ११४५ फूट याच्याशी गुणाकार करून बघा, धक्का जवळपास पाव हिश्शाने कमी. हलक्या प्लेटांना चालून जातं. पण मोकळा चोक, लांब प्लेट आणि हे काडतूस, तिन्ही एकत्र आले की प्लेट नुसती मान डोलावते. अशा वेळी एक पायरी घट्ट चोक लावा किंवा नेहमीचं १ औंस ११८० फुटाचं काडतूस घ्या, खांद्याला सोसतं आणि काम होतं. छर्रे शिशाचेच, ४ नंबरपेक्षा मोठे चालत नाहीत (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक), आणि मोठे घेऊन फायदा पण नाही, ७½ किंवा ८ पुरे. शिसं प्लेटवर आपटून मागे उडतं, त्यामुळे डोळ्यावर चष्मा बघणाऱ्यांनीसुद्धा लावायचा.

नळीची लांबी जिथे खरंच महत्त्वाची आहे तिथे लोक तिचा विचारच करत नाहीत, ते म्हणजे हाताळणी. २० इंची बंदूक खिडकीतून, दाराच्या चौकटीतून पटकन फिरते, एका प्लेटवरून दुसरीवर लगेच जाते, पण पुढचं वजन कमी असल्यामुळे तोंड जास्त उसळतं आणि दुसऱ्या नळीचा नेम लागायला वेळ जातो. २४-२६ इंची पुढे जड, उसळी कमी, शिवाय लिव्हर दाबल्यावर नळ्या स्वतःच्या वजनाने खाली पडून बंदूक पूर्ण उघडते, हा वेगात भरणाऱ्यांना फार मोठा फायदा. उंच माणसाला २४-२६ आवडते, लहान चणीच्या माणसाला २० बरी पडते. लांबी हाताला विचारून ठरवा, प्लेटला विचारून नाही.

जुनी ३० इंची फुल चोकची नळी कापून घ्यायचा विचार असेल तर लक्षात घ्या की चोक त्या कापलेल्या तुकड्याबरोबर जातो, उरते ती सिलिंडर, दोन्हीकडे. दुनळीत पुढे दोन नळ्यांच्या मधली फट पण उघडी पडते, ती भरून रिब (नळ्यांमधली पट्टी) परत पक्की करून घ्यावी लागते. आणि कायदा. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे १८ इंचांपेक्षा आखूड नळी किंवा एकूण २६ इंचांपेक्षा आखूड शॉटगन नोंदणीशिवाय जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. माप बंदूक बंद करून ब्रीचपासून (नळीचं मागचं टोक) तोंडापर्यंत घेतात. त्यामुळे गनस्मिथला १८ सांगू नका, निदान १८½ सांगा, मी तर २० च्या खाली जाऊच नका म्हणेन. खूप जुनी दमास्कस नळी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली) असेल तर तिच्यात आधुनिक स्मोकलेस काडतूस घालायचं नाही, आणि जुन्या १८९७ चं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आजच्या २¾ इंची काडतुसासाठी आहे का हे तपासल्याशिवाय वापरायचं नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे सांगायलाच हवं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यात बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणं हेही त्यात येऊ शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर हा अडथळा नाही, राज्याचे नियम तेवढे बघायचे.

आणि सगळं बरोबर असूनही एकच प्लेट सगळ्यांनाच त्रास देत असेल तर ती प्लेटच तपासायला सांगा. पाया पुढे झुकला असेल, खाली वाळू किंवा मुरूम खचला असेल तर प्लेट शूटरच्या बाजूला कलते आणि तिला मागे पाडायला जास्त धक्का लागतो. बिजागरीत छर्ऱ्यांचं चेपलेलं शिसं साचतं, ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं की तीच प्लेट हलक्या काडतुसाने पडायला लागते. मात्र हे काम रेंज कोल्ड झाल्यावर, म्हणजे सगळा गोळीबार थांबल्यावर, सगळ्या बंदुका रिकाम्या करून ठेवल्यावर, आणि मॅच डायरेक्टरला सांगूनच करायचं.